दुर्बीण आत असताना श्वासावर नजर कुणाची? ब्रॉन्कोस्कोपीतली गुंगी आणि ऑक्सिजन

मी लातुरात भूल देते. १८ वर्षं झाली. पहिली दहा वर्षं सिझेरियन, हाडांची ऑपरेशनं, पित्ताशय यांतच गेली. मग आमच्या छातीविकारतज्ज्ञांनी ईबस सुरू केलं. टोकाला सोनोग्राफी असलेली दुर्बीण श्वासनळीत घालायची आणि छातीच्या मधल्या गाठींतून सुईने नमुना घ्यायचा. पाठोपाठ क्रायोबायोप्सी (गोठवून तुकडा घेणं) आली, श्वासनळी उघडी ठेवणारे स्टेंट आले, श्वासनळीतली गाठ जाळून वाट मोकळी करणं आलं. पूर्वी या कामासाठी आपला पेशंट हैदराबाद नाहीतर पुणे गाठायचा. सोबत दोन माणसं, राहायची सोय नाही, शेतातलं काम मागे पडलेलं. आता त्याचं काम लातूर, नांदेड, संभाजीनगरात होतं, हे मला फार मोलाचं वाटतं. म्हणूनच ते नीट व्हावं असंही वाटतं.

हे मी उदगीर, परभणी, बीड, हिंगोलीच्या तरुण भूलतज्ज्ञांसाठी आणि ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनळी तपासणं) रूममधल्या सिस्टरांसाठी लिहितेय. आदल्या रात्री फोन येतो, "मॅडम, उद्या एक ईबस आहे, जरा गुंगी द्यायला या." त्या ‘जरा’वर जाऊ नका. थिएटरात श्वासमार्ग आपल्या एकट्याच्या ताब्यात असतो. इथे पेशंट ज्या वाटेने श्वास घेतो, त्याच वाटेत समोरच्या डॉक्टरांची सहा-सात मिलिमीटर जाडीची दुर्बीण असते, चिकटा ओढणारं सक्शन असतं, घसा बधिर करणारं लिग्नोकेन असतं आणि वेळ आली तर रक्तही.

आधी माझी एक चूक सांगते. हॉस्पिटलचं नाव सांगण्याचं कारण नाही, कारण औषध माझ्या हातातलं होतं. बासष्ट वर्षांचे एक आबा, रेणापूरकडचे शेतकरी, वजन ४६ किलो. ईबस चालू. नाकात ऑक्सिजनचे प्रॉन्ग्ज (छोट्या नळ्या), मिनिटाला चार लिटर. गुंगीचं मिडाझोलाम एक मिलिग्रॅम आणि वेदना-खोकला दाबणारं फेंटानिल दिलं होतं. खोकला थांबेना म्हणून फेंटानिल आणखी दिलं, मग खोकला थांबला. सगळ्यांना बरं वाटलं. मॉनिटर एका लयीत वाजत होता, रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ९८. मी फॉर्म भरायला घेतला. दोन ओळी लिहून मान वर केली, तर आबांच्या अंगावरची हिरवी चादर हलत नव्हती. आकडा तेव्हाही ९७ होता. छातीवर तळहात ठेवला. काहीच नाही. "स्कोप बाहेर," म्हणजे दुर्बीण काढा, असं मी म्हणाले, हनुवटी उचलली, मास्क लावून अँबू, म्हणजे हाताने श्वास देणारी पिशवी, दाबायला लागले, आणि गंमत बघा म्हणता येणार नाही अशी गोष्ट म्हणजे आकडा त्यानंतर घसरू लागला. ९०, ८४, ७८. आम्ही श्वास देत होतो आणि तो खालीच जात होता. सात-आठ श्वासांनंतर वळला. फेंटानिलचा उतारा नॅलोक्सोन थोडं थोडं दिलं, आबा जागे झाले, संध्याकाळी घरी गेले. चादर मात्र मी विसरले नाही.

इथून पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं त्या चादरीपाशी येतं. ऑक्सिजन मिळणं वेगळं आणि श्वास चालू असणं वेगळं. नाकात ऑक्सिजन असला की फुफ्फुसात साठा असतो. श्वास थांबला तरी रक्त त्या साठ्यावर काही वेळ लालच राहतं, आणि बोटावरचा क्लिप तर त्याच्याही मागून बोलतो. दरम्यान कार्बन डायऑक्साइड चढत असतो, ते क्लिपला कळतच नाही. म्हणून माझ्या रूममध्ये एक नियम आहे: जो औषध देतो तो दुसरं काहीही करत नाही. लिहायचं नाही, सुईवरचा नमुना काचेवर पसरायला जायचं नाही, फोन तर नाहीच. लिहिण्यासाठी वेगळी सिस्टर. ती नसेल तर काम संपल्यावर लिहा.

आता कामाला लागू. सुरुवात आदल्या संध्याकाळी वॉर्डात होते.

पेशंटचं वजन करा, अंदाज लावू नका. आपल्याकडे टीबी झालेला, कॅन्सरने झिजलेला माणूस धोतर-सदऱ्यात ५५ किलोचा वाटतो आणि काट्यावर ३९ भरतो. सगळे डोस त्यावर बसतात. मग विचारा, "झोपताना उशा किती घेता?" हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे. उदगीरकडची एक आजी म्हणाली होती, "उताणं पडलं की दम लागूलालाय, म्हणून बसूनच झोपते." तिच्या छातीत मधोमध मोठी गाठ होती. अशा माणसाला आडवं करून गाढ गुंगी दिली की स्नायू ढिले पडतात, गाठ श्वासनळीवर बसते आणि मग नळी घातली तरी हवा आत जाईलच याची खात्री नाही. अशांना अर्धवट बसवूनच ठेवायचं, स्वतःचा श्वास शेवटपर्यंत चालू राहील एवढीच गुंगी द्यायची, आणि सीटी स्कॅन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. श्वासनळी नेमकी कुठे आणि किती दबलीय हे रिपोर्टच्या ओळीपेक्षा चित्रात कळतं.

तोंड उघडायला सांगा. आपल्या भागात गुटखा आणि तंबाखूने गाल आतून कडक झालेली माणसं पावलोपावली आहेत. तीन बोटं उभी मावली तर ठीक. दोनच मावली तर आय-जेल (स्वरयंत्रावर बसणारं श्वासाचं साधन) बसणं अवघड आणि ईबसची स्कोप तोंडातून जाणंही अवघड. हे टेबलावर कळून उपयोग नाही. आदल्या दिवशी कळलं तर बेत बदलता येतो. बायकांना चुलीचं विचारा. एकही बिडी न ओढलेल्या पण तीस वर्षं काटक्या-गोवऱ्यांवर भाकरी केलेल्या बाईची फुफ्फुसं जुन्या बिडीवाल्यासारखी असू शकतात. तिला सकाळी नेब्युलायझेशन देऊनच आत घ्या.

उपाशी राहण्याबद्दल स्पष्ट बोला. हलकं खाणं सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. "काही खाल्लं का?" विचारलं तर सगळे "नाही" म्हणतात, कारण चहा हा खाण्यात धरतच नाहीत. पहाटेच्या एसटीने आलेला माणूस स्टँडवर उतरला की आधी चहा घेतो, बरोबर खारी बुडवतो. दुधाचा चहा म्हणजे खाणंच, सहा तास. म्हणून मी विचारते, "चहा कुठे घेतला?" लगेच खरं उत्तर येतं. क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर बायोप्सीच्या आधी पाच ते सात दिवस बंद लागतं, पण ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच. नुकताच हृदयात स्टेंट बसलेला माणूस परस्पर गोळी बंद करून आला तर ते दुसरंच संकट.

घसा बधिर करणं हे अर्धं काम आहे, असं माझं ठाम मत आहे. ज्याचा घसा नीट बधिर झाला त्याला औषध कमी लागतं, आणि कमी औषध म्हणजे चालू श्वास. पण लिग्नोकेनचा हिशेब ठेवणारं कुणी नसतं. भूलतज्ज्ञ समजतो सर, म्हणजे दुर्बीण चालवणारे डॉक्टर, ठेवतात, सर समजतात सिस्टर ठेवते. ५० किलोच्या माणसाचा हिशेब करून बघा. मी किलोमागे ७ मिलिग्रॅमच्या वर जात नाही, म्हणजे ३५० मिलिग्रॅम. दहा टक्क्यांच्या स्प्रेच्या एका फवाऱ्यात १० मिलिग्रॅम असतं, चार फवारे झाले ४०. नाकात दोन टक्क्यांची जेली ५ मिलिलिटर, ती १००. मग आत जाता जाता स्वरयंत्रावर, श्वासनळीत, दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिलिटर सहा वेळा. ते एक टक्क्याचं असेल तर १२०, एकूण २६०, आणि आपण हद्दीत. तेच दोन टक्क्यांचं भरलं असेल तर २४०, एकूण ३८०, आणि हद्द ओलांडली. सिरिंज तीच, फवारणी तीच, फरक फक्त कुपीवरच्या आकड्याचा. एक टक्क्याने घसा तेवढाच शांत होतो, म्हणून आमच्याकडे आत फक्त एक टक्काच भरतात. भिंतीवर फळा लावलाय, प्रत्येक सिरिंजला सिस्टर एक रेघ ओढते. म्हातारी माणसं आणि लिव्हरचा आजार असलेली यांना हद्द आणखी खाली. ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज, तोंडात धातूची चव, बोटं उडणं, ही पहिली लक्षणं. गुंगीतला माणूस ती सांगत नाही, एकदम झटकाच येतो. त्यावरच्या उताऱ्याची, २० टक्के लिपिड इमल्शनची बाटली कुठल्या कपाटात आहे हे आजच बघून ठेवा. पहिला डोस किलोमागे दीड मिलिलिटर.

औषधांकडे येते. साध्या तपासणीला किंवा छोट्या ईबसला मला असा पेशंट हवा असतो की नावाने हाक मारली, खांद्याला हात लावला, की डोळे उघडतो. घोरणारा नको. मिडाझोलाम म्हाताऱ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, तरुणाला एक. मग घड्याळाकडे बघत दोन-तीन मिनिटं थांबा. फेंटानिलची दोन मिलिलिटरची कुपी दहा मिलिलिटरपर्यंत पातळ केली की एका मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम होतं. त्यातून दोन-अडीच मिलिलिटर द्या, पुन्हा थांबा. ही दोन्ही औषधं एकमेकांना साथ देतात. एकेकटं दिलं तर श्वास चालू राहील एवढा डोस, दोन्ही एकत्र झाले की श्वास थांबवतो. आबांच्या वेळी मी थांबले नव्हते. पहिल्या फेंटानिलचा पूर्ण परिणाम यायच्या आत दुसरं दिलं, आणि दोन्ही एकदम चढले. खोकला येत असेल तर आधी विचारा, "सर, लिग्नोकेन टाकलं का तिथे?" बऱ्याच वेळा उत्तर तिथेच असतं.

लांबणाऱ्या ईबसला, जिथे चार-पाच ठिकाणच्या गाठींतून नमुने घ्यायचेत, तिथे मी प्रोपोफॉल हे भुलीचं औषध पंपावर लावते. किलोमागे मिनिटाला ५० मायक्रोग्रॅम म्हणजे ५० किलोच्या माणसाला एक टक्क्याचं तासाला १५ मिलिलिटर. हा आकडा पाठ करून ठेवा, मग पंप लावताना हात अडखळत नाही. प्रोपोफॉलमध्ये बोलणारा पेशंट आणि श्वास थांबलेला पेशंट यांत फार थोडं अंतर असतं, आणि त्याला उतारा नाही. म्हणून ते हाताने ढकलत बसण्यापेक्षा पंपावर बरं. ज्यांचा श्वास मला अजिबात गमवायचा नाही, म्हणजे दबलेली श्वासनळी किंवा आधीच कार्बन डायऑक्साइड साठवणारी फुफ्फुसं, त्यांना डेक्समेडेटोमिडीन देते. किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम, दहा मिनिटांत सावकाश, मग पंपावर. श्वास चांगला राहतो, पण नाडी ४५ वर येते आणि बीपी पडतं. नाडी वाढवणारं अ‍ॅट्रोपिन भरून ठेवा. घाईच्या दिवशी हे औषध वापरू नका. दहा मिनिटं म्हणजे खरोखर दहा मिनिटं.

उतारे ट्रेमध्ये भरून, लेबल लावून ठेवा. नॅलोक्सोनची ४०० मायक्रोग्रॅमची कुपी दहा मिलिलिटरपर्यंत पातळ करा आणि एकेक मिलिलिटर द्या. पूर्ण कुपी एकदम दिली तर माणूस दचकून, घाबरून उठतो आणि बीपी वर जातं. मिडाझोलामचा उतारा फ्लुमाझेनिल, ०.२ मिलिग्रॅमपासून. दोन्ही आपण दिलेल्या औषधाआधी उतरू शकतात, म्हणजे जागा झालेला पेशंट वॉर्डात पुन्हा झोपू शकतो. उतारा द्यावा लागला तर किमान दोन तास नजरेखाली ठेवायचा, "आता बरा आहे" म्हणून सोडायचा नाही.

ऑक्सिजन. नाकातले प्रॉन्ग्ज दोन ते सहा लिटर, बहुतेकांना एवढं पुरतं. औषधाच्या आधी तीन मिनिटं शांतपणे ऑक्सिजन घेऊ द्या. सॅच्युरेशन ९० च्या खाली एक मिनिटाहून जास्त राहू द्यायचं नाही. जुन्या सीओपीडीवाल्यांना (फुफ्फुसांचा जुनाट दम्यासारखा आजार) ८८ ते ९२ पुरतं, त्यांना १०० वर नेऊन बसवू नका. नळी भिंतीपासून नाकापर्यंत हाताने चाचपून बघा. ह्युमिडिफायरच्या (ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या) बाटलीचं झाकण तिरकं बसलं की ऑक्सिजन तिथूनच बाहेर जातो, फ्लोमीटरचा गोळा मात्र वरच तरंगत असतो. प्रॉन्ग्ज पाण्यात बुडवून बुडबुडे बघा, किंवा ओठांशी धरून झोत जाणवतो का ते बघा.

सहा लिटरवर भागत नसेल तर हाय फ्लो. कोविडमध्ये जिल्ह्याजिल्ह्यात हाय फ्लोची मशीन आली आणि बऱ्याच ठिकाणी ती आता कपडा टाकून कोपऱ्यात उभी आहेत. ती बाहेर काढा. गरम, ओलसर हवा मिनिटाला ५०-६० लिटर जाते, ऑक्सिजन हवा तेवढा ठेवता येतो. पण तीन गोष्टी. मशीन तापायला वेळ लागतो, पेशंट आत घ्यायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी चालू करा. तोंडात बाइट ब्लॉक असतो, तोंड उघडं, त्यामुळे आत जो थोडासा दाब राहायला हवा तो फारसा राहत नाही. आणि या झोतात कॅप्नोग्राफची (बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राची) रेघ वाहून जाते, तिच्यावर विसंबता येत नाही. म्हणजे पुन्हा चादर, पुन्हा तळहात. हाय फ्लोमध्ये आकडा तर आणखी उशिरा पडतो, त्यामुळे इथे सगळ्यात जास्त जागं राहावं लागतं.

सिलिंडरचा हिशेबही करून ठेवा, कारण आपल्याकडे सगळीकडे सेंट्रल लाइन नाही. जम्बो सिलिंडरमध्ये ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर ऑक्सिजन. हाय फ्लो ६० लिटर, पूर्ण ऑक्सिजनवर चालवलं तर दोन तासही नाही. लहान बी टाइपमध्ये दीड घनमीटर, १,५०० लिटर. तो २५ मिनिटांत रिकामा. तोच बी टाइप नाकातल्या प्रॉन्ग्जना चार लिटरने सहा तास जातो. म्हणून वॉर्डातून आणलेल्या एका बी टाइपवर हाय फ्लो लावून कधीही सुरुवात करू नका. कॉन्सन्ट्रेटर पाच-दहा लिटर देतो, हाय फ्लोला तो पुरत नाही. शिवाय लाइट गेली की मशीन थांबतं. जनरेटर उचलेपर्यंतचे काही सेकंद अँबू हातात असायला हवा, कपाटात नव्हे.

हाय फ्लो नाही आणि प्रॉन्ग्जवर भागत नाही, अशा वेळी मी एक जुनी युक्ती वापरते. नाकातल्या मऊ एअरवेला (घशापर्यंत जाणारी नळी) एंडोट्रॅकियल, म्हणजे श्वासनळीत घालायच्या, ट्यूबचं कनेक्टर बसवायचं आणि ते बेन सर्किटला (नळी आणि बॅग असलेलं भुलीचं सर्किट) जोडायचं. ऑक्सिजन थेट घशाच्या मागे पोचतो, कॅप्नोग्राफची रेघ मिळते, आणि बॅगेचं हलणं डोळ्यांसमोर असतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना मात्र हे करू नका, नाक फुटलं की सगळंच अवघड. आणि स्कोपच्या सक्शनच्या वाटेने ऑक्सिजन सोडायची जी सवय कुठे कुठे आहे, ती बंद करा. स्कोप श्वासनळीच्या बारीक फांदीत अडकलेली असली तर हवा आत जाते, बाहेर येत नाही, आणि फुफ्फुस फाटतं.

ट्यूब घालायची वेळ आली तर जाडीचा विचार करा. ५.७ मिलिमीटरची स्कोप सात नंबरच्या ट्यूबमध्ये गेली की ट्यूबची जवळपास दोन तृतीयांश जागा तीच खाते. आठ नंबरमध्ये निम्मी. ईबसची स्कोप त्याहून जाड, तिला आठ-साडेआठ नंबर लागतो. त्यापेक्षा आय-जेल किंवा लॅरिंजियल मास्क मला जास्त बरा वाटतो. वाट रुंद राहते, आणि श्वासनळीच्या वरच्या भागाशेजारच्या गाठी ट्यूबच्या मागे झाकल्या जात नाहीत. सक्शनचं भान ठेवा. सर सक्शन दाबून धरतात तेव्हा चिकट्याबरोबर आपण दिलेला श्वासही ओढला जातो. आकडा घसरू लागला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे, "सर, सक्शन सोडा."

क्रायोबायोप्सी गुंगीवर करू नका. टोकाने फुफ्फुसाचा तुकडा गोठवून ओढून काढतात, आणि तो काढताना स्कोपही सोबत बाहेर येते. म्हणजे रक्त सुरू झालं त्या क्षणी आत बघायला कुणी नाही. म्हणून पूर्ण भूल, ट्यूब किंवा रिजिड (कडक, धातूचा) ब्रॉन्कोस्कोप, आणि त्या फांदीत फुगा आधीच ठेवलेला. तुकडा निघाला की फुगा फुगवायचा. रक्त थांबत नसेल तर रक्ताची बाजू खाली करून पेशंट कुशीवर वळवायचा, म्हणजे चांगलं फुफ्फुस वर राहतं. कुठल्या बाजूचा तुकडा घेणार हे सुरू करायच्या आधी मोठ्याने बोलून घ्या.

गाठ जाळायची असेल, कॉटरी, आर्गॉन किंवा लेझर, तर एक आकडा डोक्यात कोरून ठेवा: ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या खाली. आत ऑक्सिजन भरलेला असताना ठिणगी पडली तर श्वासनळीत भडका उडतो, ट्यूब जळते. नायट्रस ऑक्साइडही नको, तोही आगीला साथ देतो. सर "कॉटरी देतोय" म्हणाले की मी ऑक्सिजन कमी करते, बाहेर येणाऱ्या श्वासातला आकडा ४० च्या खाली येईपर्यंत थांबते आणि मगच "द्या" म्हणते. माझ्या "द्या"शिवाय पेडल दाबायचं नाही, हे आमच्यात ठरलेलं आहे. पेशंटचं सॅच्युरेशन या ऑक्सिजनवर टिकत नसेल तर त्या दिवशी जाळायचं नाही, दुसरा मार्ग शोधायचा. आग लागलीच तर ऑक्सिजन बंद, स्कोप आणि ट्यूब बाहेर, सलाइन ओता. सलाइनची भरलेली सिरिंज टेबलावर ठेवलेली असते.

रिजिड ब्रॉन्कोस्कोपीवर एकट्याने पुस्तक वाचून हात घालू नका, आधी कुणाबरोबर तरी उभे राहा. जेट व्हेंटिलेशनमध्ये, म्हणजे दाबाने हवेचे झोत देऊन श्वास चालवताना, एकच गोष्ट सांगते. हवा आत जाताना छाती वर येते ते सगळे बघतात. तुम्ही ती खाली जाताना बघा. पूर्ण खाली जाईपर्यंत पुढचा झोत द्यायचा नाही.

लहान लेकरांचं वेगळं. येळवशीनंतरच्या (वेळा अमावास्येनंतरच्या) दिवसांत आमच्याकडे अशी लेकरं येतात. रानात जेवण, भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, हसता-पळता तोंडात दाणा, आणि ठसका. सीताफळाच्या दिवसांत बिया, उन्हाळ्यात चिंचोके. ठसका थांबला की माय-बाप निश्चिंत होतात, आठ दिवसांनी खोकला आणि ताप घेऊन येतात. दाणा ओलाव्याने फुगलेला असतो. अशा लेकराला सेव्होफ्लुरेनवर (हुंगवायच्या भुलीवर), त्याचा श्वास त्याच्याकडेच ठेवून झोपवायचं आणि रिजिडनेच काढायचं. हे काम लहान मुलांची भूल नेहमी देणाऱ्याच्या हाताखाली करा, नाहीतर वेळेत संभाजीनगरच्या घाटी या सरकारी हॉस्पिटलला किंवा जवळच्या मेडिकल कॉलेजला पाठवा. पाठवताना फोन करा, लेकरू अर्धवट बसलेलं ठेवा, उगाच रडवू नका.

आकडा पडला तर काय करायचं, ते सांगते. आमच्या रूममध्ये हे सिस्टरांनाही पाठ आहे. सक्शन सोडा. हाक मारा, खांदा हलवा. हनुवटी वर. ऑक्सिजन वाढवा. एवढ्यात वळला नाही तर स्कोप बाहेर, त्यात मान-अपमान नाही, "अजून एक नमुना" नाही. मास्क लावून अँबू. मग विचार करा. घशातून ओढल्यासारखा आवाज येतोय आणि छाती आत जातेय, हवा जात नाहीय, तर स्वरयंत्राची आकडी. मास्क घट्ट धरून सतत दाब ठेवा, किलोमागे अर्धा मिलिग्रॅम प्रोपोफॉल द्या, तरीही नाही तर स्नायू ढिले करणारं सक्सिनिलकोलीन. छातीच्या एका बाजूला श्वासाचा आवाज येत नसेल तर न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुफ्फुसाबाहेर हवा साठलेली. तोंडात रक्त असेल तर कूस. बाकी बहुतेक वेळा औषध जास्त झालेलं असतं, आणि ते आपण दिलेलं असतं.

नंतरचे दोन तास घाई करू नका. घसा बधिर असेपर्यंत पाणीसुद्धा नाही. दोन तासांनी बसवून एक चमचा पाणी द्या, ठसका लागला नाही तर चहा. बायोप्सी झाली असेल तर एक्स-रे बघितल्याशिवाय सोडायचं नाही. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, मोटर चालू करायला विहिरीवर जायचं नाही, बँकेच्या, जमिनीच्या कागदावर सही नाही. सोबतच्या माणसाला हे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून द्या आणि वाचून दाखवा. रात्री थोडा ताप येऊ शकतो, थुंकीत रक्ताची रेघ दिसू शकते. पण दम वाढला, छातीत एकदम दुखलं किंवा वाटीभर रक्त पडलं तर लगेच परत. गाव लांब असेल आणि दुपार उलटली असेल तर मी रात्रभर ठेवूनच घेते. अहमदपूरच्या पुढच्या वस्तीवर रात्री अकराला दम वाढला तर त्या माणसाला गाडी कुठून मिळणार?

शेवटी रजिस्टर. पेशंट बाहेर गेल्यावर, खुर्चीत बसून भरा. औषधं, लिग्नोकेनच्या रेघा, ऑक्सिजन किती आणि कशातून, आणि सगळ्यात खाली आकडा किती गेला व किती सेकंद राहिला. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी छापलेलाच नसतो. आम्ही तो पेनाने आखलाय. पुढचा पेशंट आत घ्यायच्या आधी मी तो वाचते.